मोहफूल जमिनीला लागू देऊ नका

कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत हिवाळा सरायला लागला की लोक मेपलच्या खोडाला बोटभर भोक पाडतात, त्यात तोटी ठोकतात आणि खाली बादली टांगतात. झाडं जास्त असली तर एका झाडाकडून दुसऱ्याकडे नळ्या फिरवून सगळा रस उताराने एका टाकीत आणतात. हा रस जवळजवळ पाण्यासारखाच असतो. साखर असते दोनेक टक्के. म्हणून चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक हाती लागतो. रस वाहायला रात्री पाणी गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन लागतं. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा इथे मेपल लावायच्या फंदात कोणी पडू नये.

झाडाला मडकं बांधून रस धरायची विद्या आपल्याकडेही जुनी आहे. भामरागड, एटापल्लीकडे गोरगा आणि ताड, इतरत्र शिंदी. पण ते काम ज्याला झाडावर चढता येतं आणि कोंब कुठे, किती छेदायचा हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, त्याचं. चुकीचा छेद झाडाच्या जिवावर बेततो. शिवाय हा रस उन्ह चढेपर्यंत आंबायला लागतो आणि मग गोष्ट दारूबंदी कायद्याच्या हद्दीत जाते. नवख्या माणसाला मी तो रस्ता सुचवणार नाही.

घरच्या घरी गोडवा गोळा करून पाक करायचाच असेल, तर चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्यासाठी मोह उभा आहे. धुऱ्यावर आहे, गावठाणात आहे, जंगलात तर आहेच. त्याला भोक पाडावं लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये तो आपण होऊन साखर खाली टाकतो. आपल्याला एवढंच जमवायचं आहे की ती साखर मातीत पडू नये. या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे.

फूल पडतं कसं

मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटेपासून सकाळी आठ-नऊपर्यंत टपटपत राहतात. जे पडतं ते पूर्ण फूल नसतं. मांसल, फिकट पिवळसर पाकळ्यांची ती गोल कुपी असते आणि पुंकेसर तिच्या आत चिकटलेले असतात. फळ जिथे धरायचं तो भाग झाडावरच राहतो. म्हणून पडलेली फुलं कितीही वेचली तरी टोळ, म्हणजे मोहाची फळं, कमी होत नाहीत. याउलट लवकर हवीत म्हणून फांद्या झोडपल्या, तर अर्धवट फुलं, कळ्या आणि पुढची फळं असं सगळंच खाली येतं. झाड झोडपू नये, चढून फांदी हलवूही नये.

ताज्या फुलाच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश पाणी असतं. उरलेल्यात बहुतेक साखर. सुकलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा भरतो. मेपलच्या रसाशी तुलना केली तर आपण शर्यत अर्ध्यावरून सुरू करतो असं म्हणायला हरकत नाही. पण एवढी साखर आणि एवढा ओलावा एकत्र आला की यीस्टलाही मेजवानीच. मातीत पडलेलं, दवाने भिजलेलं, टोपलीत दाबून भरलेलं फूल दुपारपर्यंत आंबूस वास सोडू लागतं. दारूच्या भट्टीला त्याचं काही वाटत नाही, पाकाला वाटतं. बाजारात मोहफुलाला आजवर जो पडेल भाव मिळत आला, त्यामागे ही माती आणि हा आंबूसपणाही आहे.

आगीचा प्रश्न

फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून द्यायची सवय गावोगाव आहे. माणूस आळशी म्हणून ते करत नाही. वाळक्या पानांतून एकेक फूल शोधत वाकून बसायचं म्हणजे सकाळ जाते, आणि मोहाचा हंगाम मोजून तीनेक आठवड्यांचा. पण ती आग झाडाखालीच थांबते असं नाही. फेब्रुवारी ते मे या काळात आपल्या जंगलांत जे वणवे लागतात त्यांतल्या अनेकांची सुरुवात मोह नाहीतर तेंदूच्या खाली झालेली असते. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हे झालं कायद्याचं. मला त्याहून मोठं वाटतं ते हे की त्या आगीत मोहाची रोपं जळतात. गावात मोठे मोह खूप दिसतात, पण मनगटाएवढ्या जाडीचा कोवळा मोह शोधायला निघालात तर फिरावं लागतं. आग आणि गुरं मिळून त्याला वर येऊच देत नाहीत.

पाला हलवायचाच असेल तर खराट्याने झाडून बाजूला ढीग करा. जाळी बांधली तर तेही करावं लागत नाही.

जाळी कशी बांधावी

भाजीच्या रोपवाटिकेवर असते ती हिरवी शेडनेट या कामाला उत्तम. तालुक्याच्या कृषी केंद्रात मिळते. मच्छरदाणीचं कापडही चालतं, पण काटक्या पडून लवकर फाटतं. जुनं सुती लुगडं शेवटचा पर्याय, कारण ते दव पिऊन ओलं होतं आणि त्यावरचं फूल चिकट होतं. ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद मात्र अजिबात वापरू नका. खालून हवा लागत नाही, दव साचतं आणि फुलं स्वतःच्याच पाण्यात बसतात.

मोठ्या मोहाचा घेर इतका असतो की सगळा झाकायला गेलात तर खर्च वाढेल आणि जाळी सांभाळणं हाताबाहेर जाईल. आदल्या दोन-तीन दिवसांत कुठे जास्त फुलं पडतात ते पाहून ठेवा आणि तेवढ्याच भागाखाली जाळी धरा. चारही कोपऱ्यांना बांबूच्या काठ्या रोवा, वरच्या टोकांना सुतळीने जाळी ताणा. कडा कमरेइतक्या उंच, मधला भाग गुडघ्याच्या वर. मध्यावर एक गुळगुळीत धोंडा ठेवला की जाळीला खोलगट आकार येतो आणि फुलं आपोआप तिकडे घरंगळतात. ज्यांना हौस आहे त्यांनी मध्ये हातभर भोक पाडून त्याला जाळीचीच बाही शिवावी आणि ती खाली ठेवलेल्या बादलीत सोडावी. मेपलवाल्यांच्या नळ्यांचं काम ती बाही करते. बादलीच्या तळाला मात्र छिद्रं हवीत, म्हणजे दव निथळून जाईल. बादलीपेक्षा बांबूची टोपली मला जास्त पटते.

झाडाला खिळा ठोकू नका. दोरी खोडाला बांधायचीच झाली तर सैल बांधा आणि हंगाम संपल्यावर आठवणीने सोडा.

पहिल्या दिवशी जाळीवर फुलांबरोबर कळ्यांची टोपणं, काटक्या, किडे, वटवाघळांची विष्ठा असं सगळंच सापडेल. वटवाघळं रात्री मोहावर येतातच, परागीभवनात त्यांचा वाटा आहे, तेव्हा त्यांना हाकलायचा विचार नको. रोज फुलं उचलल्यावर जाळी झटकायची आणि दोन-तीन दिवसांनी साध्या पाण्याने धुऊन वाळवायची. वटवाघळांनी कुरतडलेली किंवा विष्ठा लागलेली फुलं सरळ टाकून द्या. धुऊन घेतली की झालं, असं इथे चालत नाही.

जंगलात बांधणार असाल तर

स्वतःच्या धुऱ्यावरचा मोह असेल तर विचारायला कोणी नको. जंगलात गोष्ट वेगळी. बहुतेक गावांत कोणत्या मोहाखाली कोणत्या घराने वेचायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, कागदावर नसलं तरी. त्या झाडाखाली परक्याने जाळी ताणली तर भांडण होणारच, आणि व्हायलाही हवं. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजाची मालकी गावाच्या हाती दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला २०१२ मध्ये. तेव्हा आधी ग्रामसभेत विषय काढा. जमलं तर गावानेच जाळ्या घेऊन घरोघर वाटाव्यात, हे एकट्या-दुकट्याने करण्यापेक्षा कितीतरी बरं. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात हा प्रश्नच येत नाही, तिथून काहीही आणता येत नाही.

आणि वाघ. चंद्रपूर जिल्ह्यात, विशेषतः ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावलीच्या बाजूला, मोह आणि तेंदूच्या दिवसांत माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. अंधार असताना घरातून निघायचं, एकट्याने, आणि जमिनीकडे तोंड करून वाकून बसायचं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोका सगळ्यात मोठा. अस्वलालाही मोहफूल फार आवडतं आणि तेही त्याच वेळी तिथे असतं. जाळीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. फूल जमिनीवर नसेल तर गुरं, हरणं खाऊन टाकतील किंवा मातीत कुजेल ही घाई उरत नाही. उजेड चांगला झाल्यावर, चार-पाच जणांनी बोलत-ओरडत जावं. उभ्या उभ्या जाळी उचलावी, टोपलीत ओतावी, परत यावं. वाकून बसायचा वेळ तासांवरून मिनिटांवर येतो. एकाने काम न करता फक्त आजूबाजूला पाहत उभं राहावं. गावात वन विभागाला मदत करणाऱ्या पीआरटीची (प्राथमिक प्रतिसाद पथकाची) पोरं असतील तर कोणत्या भागात वाघाचा वावर आहे हे त्यांना आदल्या संध्याकाळी विचारा, आणि त्यांनी नको म्हटलं तर त्या दिवशी मोह राहू द्या.

जाळी संध्याकाळी उजेड असतानाच लावावी लागते, कारण फूल पहाटे पडतं. सकाळी फुलं उचलली की जाळी गुंडाळून ठेवा. दिवसभर ताणून ठेवलेल्या जाळीत चितळाची शिंगं अडकतात. झाडाच्या घेराचा एक भाग नेहमी उघडा सोडा. तिथे पडलेलं फूल हरणांचं, अस्वलाचं. त्यांनाही ते खाली मिळालं तर जाळीशी झटापट करायची त्यांना गरज पडत नाही.

वाळवण

सगळ्याच फुलांचा पाक करू नका. निम्मी वाळवून ठेवा, वर्षभर कामाला येतात.

घरी आणल्या आणल्या फुलं पसरायची, हे पहिलं. ढीग तासभरही नको. जमिनीवर सारवलेल्या अंगणात वाळवायची पद्धत आहे, पण जाळीवर जी माती चुकवली ती अंगणात लावून घेण्यात काय अर्थ? बाजेवर किंवा चार विटांवर बांबूचा तट्टा ठेवा, त्यावर स्वच्छ जाळी आणि तिच्यावर फुलांचा एकेरी थर. आपल्या उन्हात तीन-चार दिवस पुरतात. दिवसातून दोनदा हलवा आणि संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्या. रंग पिवळ्यावरून तांबूस-तपकिरी होतो आणि फूल मनुकेसारखं सुरकुततं. मूठभर घेऊन आवळा आणि मूठ उघडा. फुलं सुटी झाली तर वाळली, गोळा राहिला तर आणखी एक ऊन. साधारण चार-पाच किलो ताज्या फुलांचं किलोभर वाळतं. अवकाळी पावसात भिजून काळी पडलेली फुलं वेगळी ठेवा, ती खायच्या कामाची नाहीत.

वाळल्यावर चोळून सुपात पाखडली की पुंकेसर निघून जातात. ते घशाला टोचतात, म्हणून हे काम टाळू नका. साठवण हवाबंद डब्यात. जुन्या ढोलीत ठेवायची फुलं जूनच्या आत पुन्हा एकदा उन्हात घाला, कारण पावसाळी हवेतला ओलावा ती झपाट्याने ओढून घेतात आणि ऑगस्टमध्ये ढोली उघडली की बुरशी दिसते. वाळली फुलं भाजून, तीळ किंवा जवसाबरोबर कुटून केलेले लाडू ही घराघरातली गोष्ट आहे. त्याची कृती मी सांगायला नको, आजीला विचारा.

पाक

पाकासाठी त्याच सकाळची फुलं घ्या. दुपारी सुरू करू म्हणालात तर आंबट पाक होईल. निवडून एकदाच, झटपट, भरपूर पाण्यात बुडवून काढा. भिजत ठेवलीत तर साखर धुण्याच्या पाण्यात निघून जाते.

स्टीलच्या रुंद तोंडाच्या गंजात फुलं घालून ती जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला आणि झाकण ठेवून मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. फुलं मऊ पडून आपलं पाणीही सोडतात. आता मोह असा होतो की ती रवीने घोटून काढावीत. तसं करू नका. घोटली की पुंकेसर आणि परागकण रसात उतरतात, पाक गढूळ आणि किंचित कडवट होतो. सुती फडक्यात घालून बांधा, टांगा, निथळू द्या आणि शेवटी हाताने हलकं दाबा. उरलेला चोथा गुरांना थोडा थोडा घालता येतो, पण त्याच दिवशी. उद्यावर ठेवला की तोही आंबतो.

निथळलेला रस पुन्हा गाळून उघड्या गंजात आटवायला ठेवा. चूल असेल तर धुराचा वास लागतो. काहींना तो आवडतो, विकायचा असेल तर गॅस बरा. वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहा. सुरुवातीला आच मोठी चालते, पण रस अर्ध्याहून कमी झाला की मंद करा आणि तिथून हलू नका. फुलातली साखर बरीचशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रूपात असते आणि ती तळाला पटकन करपते. रंग मधासारखा, मग काकवीसारखा होत जातो. ताज्या फुलांचा जो उग्र वास काहींना सहन होत नाही, तो आटता आटता बराच उतरतो.

कधी थांबायचं? बोटांत एक तार धरू लागली की उतरवा. ज्यांना नेमकेपणा हवा त्यांनी साखर मोजायचं छोटं रिफ्रॅक्टोमीटर घ्यावं आणि ६६ ते ६८ ब्रिक्सवर थांबावं. मेपलचा पाकही याच सुमारास उतरवतात. यापेक्षा पातळ ठेवलात तर बाटलीत यीस्ट पुन्हा जागं होतं. घट्ट होऊन गुळासारखी ढेप पडेल म्हणून आटवत बसू नका. या साखरेची ढेप सहसा जमत नाही, करपलेला पाक मात्र नक्की मिळतो. अंदाज म्हणून सहा ते आठ किलो ताज्या फुलांचा किलोभर पाक धरा. वाळल्या फुलांचाही करता येतो. किलोभर फुलं अडीच-तीन लिटर गरम पाण्यात भिजवून मंद शिजवा आणि पुढचं सगळं तसंच. चव थोडी जड येते.

बाटल्या काचेच्या, उकळून कोरड्या केलेल्या. पाक गरम असतानाच भरा, झाकण लावून दोन मिनिटं उलट्या ठेवा. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये. उघडताना फस्स आवाज आला किंवा बुडबुडे दिसले तर तो पाक फेका, पुन्हा उकळून वाचवायच्या नादी लागू नका. तांदळाच्या घावनावर, नाचणीच्या आंबिलीत, दुधात, कुठेही साखरेच्या जागी चालतो.

कायद्याचं थोडं

मोहफुलाकडे सरकार दारूच्याच नजरेने पाहत आलं. मुंबई सरकारने १८९२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला होता, आणि स्वातंत्र्यानंतरही वेचणं, साठवणं, नेणं यांवर दारूबंदीच्या नियमांची सावली राहिली. फूल ज्यांचं अन्न आहे त्यांनाच परवाना मागायला लावणारी ही व्यवस्था फार वर्षं टिकली. २०२१ मध्ये राज्य सरकारने संकलन, साठवण आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. त्याच वर्षी छत्तीसगडच्या जंगलातली वाळवलेली मोहफुलं खाद्यपदार्थ म्हणून फ्रान्सला गेली. तरीही क्विंटलच्या हिशोबात खरेदी करून दुसऱ्या जिल्ह्यात नेणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात आधी विचारून घ्या आणि ग्रामसभेचा कागद सोबत ठेवा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातली २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली, पण घरी दारू गाळणं दोन्हीकडे गुन्हाच. पाक बाटलीत भरून विकायचा असेल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. बचत गटाच्या नावाने घेतलीत तर प्रत्येकीला वेगळी घ्यावी लागत नाही.

एप्रिलनंतर जाळी ठेवून देऊ नका

फुलं संपली की जाळी धुऊन, उंदीर लागणार नाहीत अशी टांगून ठेवा, कारण पुढच्या दीड-दोन महिन्यांत टोळ पडायला लागतात आणि तीच जाळी पुन्हा लागते. बहुतेक टोळांचं तेल काढाल. त्यातले मूठभर चांगले भरलेले मात्र बाजूला काढा. मोहाचं बी सुकवून ठेवलं की त्याची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून ते पहिल्या पावसातच, पडल्यापासून पंधरवड्याच्या आत, पिशवीत किंवा सरळ धुऱ्यावर टोचा. पिशवी खोल घ्या, मूळ सरळ खाली जातं. पहिली काही वर्षं रोपाभोवती काटेरी कुंपण लागेल. फुलं दिसायला साधारण दहा वर्षं धरा.